बांधाला हात लावायचा नाही

टेंभीखारमध्ये जिजा घरतच्या तोंडाला लागायला कुणी धजत नसे. मिठाचे व्यापारी तिच्याशी चार हात लांब उभे राहून बोलत, आणि गावदेवीच्या पुजाऱ्यानेसुद्धा एकदा तिच्या शिव्या खाल्ल्या होत्या, त्याही ऐन नवरात्रात. पण याच बाईने आयुष्यात एकदाच नवऱ्याचा शब्द मानून तोंड मिटलं आणि हातही आवरला. त्याचं काय झालं, ते सांगायचं आहे.

तिचं माहेर चिंचोटीचं. डोंगराच्या पायथ्याला गोड्या पाण्यात वाढलेली पोर लग्न होऊन आली ती खाडीकाठच्या मिठागरात. पहिल्या वर्षी टाचांना भेगा पडल्या, भेगांत मीठ गेलं, आणि तिने आईला सांगितलं की त्या गावात विहिरीपासून सासूपर्यंत सगळं खारट आहे. आई म्हणाली, राहशील. राहिली, आणि अशी राहिली की पुढे कुठल्या वाफ्यात पाणी कधी सोडायचं यावरून ती नवऱ्याशीच वाद घालायला लागली. नवरा शत्रुघ्न, आगराचा म्हणजे मिठागराचा मुकादम. सरळ, देवभोळा, कमी बोलणारा. त्यांचं भांडण बहुतेक एकतर्फी असायचं. ती तासभर बोलायची, आणि शेवटी तो एकच वाक्य असं बोलायचा की तिला पुढे बोलायला जागा राहत नसे. याचाच तिला जास्त राग यायचा.

मिठागर उभं असतं ते बांधावर. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठाचे वाफे, मधे पुरुषभर उंचीचा मातीचा बांध. दगड नाही, सिमेंट नाही. खेकडे त्याला भोकं पाडतात, उधाण त्याची माती नेतं, म्हणून पावसाआधी आणि पावसानंतर गावातल्या सगळ्या भागीदार घरांनी फावडी-टोपल्या घेऊन उतरायचं आणि नवी माती चढवायची. ज्या घरातून माणूस येणार नाही, त्या घरच्या लग्नाला कुणी जेवायला जात नसे, इतकं ते पक्कं होतं. या कामाला जिजा सगळ्यांच्या आधी हजर असायची. चिखलात गुडघाभर उतरून बायकांना शिव्या घालत ती टोपल्या पुढे सरकवायची, आणि त्या दिवशी तिच्या शिव्यांचं कुणाला काही वाटत नसे.

भागीदार घरांची मिळून एक कंपनी होती, श्री खारेश्वर सॉल्ट वर्क्स प्रायव्हेट लिमिटेड. व्यापारी एकेकाला वेगळं गाठून भाव पाडत, म्हणून मागच्या पिढीने आपापले वाफे एकत्र करून ती काढली होती. ज्याचे जेवढे वाफे, त्याला तेवढे शेअर. शेअरचे कागद पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली. ते कुणी वाचले नव्हते. वर्षातून एकदा देवळाच्या ओट्यावर सभा व्हायची. हात वर करायचे, मग चहा आणि भजी. चेअरमन म्हणून शत्रुघ्नाने स्वतःच आपल्या चुलतभावाला, बळीरामला पुढे केलं होतं. बळीराम गावातला पहिला बी.कॉम. जिजा त्याला भावजी म्हणायची, आणि त्याच्या कॉलेजच्या दिवसांत सकाळचा डबा तिच्याच हातचा असायचा.

त्र्याण्णव साली दसऱ्याला सगळं गाव नेहमीसारखं विरारला जीवदानीच्या दर्शनाला गेलं. बळीराम गेला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. त्या दिवशी त्याने एकट्यानेच कागदोपत्री कंपनीची सभा घेतली, नवे शेअर काढले आणि ते एका बिल्डरच्या तीन माणसांना देऊन टाकले. गाव डोंगर उतरून, प्रसाद वाटत घरी आलं तेव्हा आपल्याच मिठागरात पाहुणं झालं होतं. निम्म्याहून जास्त कंपनी आता परक्यांची होती. हे कळायलासुद्धा दिवाळी उलटून गेली.

शत्रुघ्नाला इतकं चिडलेलं जिजाने कधी पाहिलं नव्हतं. तो तडक सांडोरला हिलरी वकिलांकडे गेला. केळीच्या बागेत घर असलेला, सभ्य, हळू बोलणारा माणूस. कुणालाही नको वाटेल असा खटला त्यांनी घेतला, आणि मनापासून लढवला, हे कबूल करायला हवं. दावा शत्रुघ्नाच्या नावावर होता. मागणं साधं होतं. दसऱ्याला काढलेले शेअर रद्द करा, बळीरामला काढा, आगर गावाच्या हातात परत द्या. कंपन्यांची भांडणं बघणाऱ्या बोर्डापुढे तो लागला आणि पहिल्याच फेरीत हुकूम मिळाला की निकाल लागेपर्यंत बळीरामने जमीन विकायची नाही आणि आणखी शेअर काढायचे नाहीत.

हिलरी वकील ते सांगायला स्वतः मोटारसायकलवर गावात आले. "शत्रुघ्नभाऊ, त्याचे हात बांधले," ते म्हणाले. "आता निकालापर्यंत सगळं आहे तसं राहील." गावाने त्यांना शहाळी पाजली आणि बाजूच्या गावापर्यंत सोडायला पोरं गेली.

टेंभीखारची एक जुनी रीत होती. जमिनीवरून दोन घरांत वाद पडला की दोघांनी आपापली कुदळ गावदेवीच्या पायरीवर आणून ठेवायची. पंचांचा निवाडा होईपर्यंत त्या जमिनीत कुणी लोखंड घालायचं नाही, मातीचं ढेकूळसुद्धा हलवायचं नाही. जो आधी हात लावेल तो खोटा, मग त्याचं म्हणणं कितीही खरं असो. निवाडा आठ-पंधरा दिवसांत व्हायचा, कारण पंचांनाही आपापली शेतं होती. शत्रुघ्नाच्या हिशेबी कोर्ट म्हणजे मोठे पंच. त्याने कुदळ नेऊन पायरीवर ठेवली, आणि त्याच्यामागून सगळ्या घरांनी ठेवली.

कमाल म्हणजे बळीरामही आला. इस्त्रीचा शर्ट, अनवाणी पाय, खांद्यावर दुकानातून आणलेली नवी कुदळ. ती पायरीवर ठेवून त्याने हात जोडले. "मी पन देवीचाच हाय," तो म्हणाला, आणि म्हाताऱ्यांना गहिवरून आलं. जिजाला काही आलं नाही. ज्याने कॉलेजात गेल्यापासून मातीला बोट लावलं नाही, त्याचं कुदळ खाली ठेवताना काय जातंय, असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. बायकांनीच तिला गप्प बसवलं. बळीरामला पुढचं सगळं तेव्हाच दिसत होतं की नुसताच तो गावाचं मन राखत होता, देव जाणे.

पुढच्या उन्हाळ्यात, गावाला आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदाच, पावसाआधी बांधावर माती पडली नाही. लोक येता-जाता बांधाकडे बघायचे आणि मान खाली घालून निघून जायचे. पाऊस कसाबसा निभावला. भाद्रपदात एक दिवस जिजा खेकडे धरायला बांधावरून चालली होती, तेव्हा तिला उघाडीपाशी, म्हणजे पाणी आतबाहेर सोडायच्या दारापाशी, पाझर दिसला. मनगटाएवढा. पाणी गढूळ होतं, म्हणजे येताना बांधाची माती बरोबर घेऊन येत होतं. ती धावत घरी आली आणि तिने फावडं उचललं.

"कुठं चाललीस?" शत्रुघ्नाने विचारलं.

"उघाडीपाशी खेकड्यानं भोक पाडलाय. दोन टोपल्या माती आन पेंढा कोंबला का बंद जाला."

"नाय."

"काय नाय?"

"आपली कुदल देवीच्या पायरीवर हाय. आपुन माती घातली का आपुनच खोटं. बलीराम उद्या कोर्टात जाऊन सांगंल, यांनीच आधी हात घातला."

"आन बांध फुटला मंग?"

"दिवालीपावत निकाल लागतो. मोठी लोकं बसल्यात तिथं, त्यांना काय दिसत नाय?"

"पानी दिवालीची वाट बगत बसनार हाय काय?" जिजा ओरडली. तिने पदर खोचलेलाच होता. शत्रुघ्न दारात आडवा नाही आला. तो जागेवर बसूनच राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "मना गावापुढं खोटा पाडू नको, जिजे."

त्या माणसाने तोवर तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. जिजाने फावडं भिंतीला टेकवलं. तिने ऐकायला नको होतं, झालं. फावडं घेऊन सरळ चालू लागायला हवं होतं, मग नवरा खोटा पडो की गाव वाळीत टाको. पण हे आज म्हणायला सोपं आहे.

तसं सांडोर काही सातासमुद्रापलीकडे नव्हतं. वकिलांना विचारून यायला एक सकाळ पुरली असती. पण जे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक, ते वकिलाला काय विचारायचं, असं सगळ्यांनाच वाटलं, अगदी जिजालाही. आणि हिलरी वकील बागायतीतले. त्यांच्या केळींना खाडीचा बांध लागत नव्हता. त्यांनीही कधी विचारलं नाही.

अमावास्येच्या उधाणाला भरदुपारी बांध गेला. आधी पाटासारखं पाणी आलं, मग उघाडीचं लाकडी दार चौकटीसकट उखडलं, आणि मग कुणी काही करण्यासारखं उरलं नाही. सगळं गाव उंचावरच्या रस्त्यावर उभं राहून बघत होतं. ज्यांनी हयातभर त्या बांधावर माती टाकली, ती धडधाकट माणसं हात लोंबते सोडून उभी होती. बळीराम आला होता. "कोर्टाची बाब हाय, मना पन हात लावता येत नाय," असं तो हळहळून म्हणाला. म्हाताऱ्या यमुनाकाकीचे उघाडीजवळच दोन वाफे होते, नवरा गेल्यापासून तिचं सगळं तेवढ्यावर चाललेलं. ती खाली बसली आणि कपाळ बडवून घेऊ लागली. जिजाने तिला धरून ठेवलं. नवऱ्याकडे तिने त्या दिवशी पाहिलंच नाही.

निकाल त्या दिवाळीला लागला नाही, पुढच्याही नाही. आगरात रोज भरतीचं पाणी येऊन चिखल ठेवून जायला लागलं. वाफ्यांच्या रेषा आधी पुसट झाल्या, मग गेल्या. चिखलात तिवरांची, म्हणजे खारफुटीची, रोपं उभी राहिली, आणि तिवर एकदा धरला की माणसाला विचारत नाही. गावातली पोरं वसईतल्या कारखान्यांच्या गाळ्यांत कामाला लागली. जिजा पहाटे सांडोरच्या बागांतून भाजी आणि केळी उचलून आचोळ्यात विकायला बसू लागली. तिथल्या नव्या बिल्डिंगांतल्या बायका तिच्या तोंडाला घाबरत, पण माल चांगला म्हणून तिच्याकडेच येत. शत्रुघ्न त्याच आचोळ्यात वॉचमन झाला. खाडीचं पाणी ज्याच्या शब्दावर आत येत होतं, तो आता दुसऱ्यांच्या गाड्यांना फाटक उघडत होता.

गंमत अशी की बिल्डरचंही काही साधलं नाही. चिखलात इमारत उभी राहणार नाही आणि जमीन विकायला मनाई, हे पाहून त्याने दुसरीकडे जागा घेतली. त्याच्या तिन्ही माणसांनी शेअर परत केले आणि ते निघून गेले. त्यांच्याबरोबर बळीरामही गेला. नालासोपाऱ्यात त्याचं काचेच्या दाराचं ऑफिस झालं, गणपतीत त्याचे हसरे फोटो चौकाचौकांत लागायला लागले. मागे कंपनीचे वर्षाचे कागद भरायला कुणी उरलं नाही, तेव्हा सरकारने तिचं नाव यादीतून काढून टाकलं. बोर्डाने मधल्या काळात दावा कसल्याशा मुद्द्यावर फेटाळला होता. हिलरी वकील अपिलात हायकोर्टात गेले. शत्रुघ्न प्रत्येक तारखेला धुतलेला पांढरा शर्ट घालून जायचा आणि संध्याकाळी तोच शर्ट जपून घडी करून ठेवायचा. निकाल एक दिवस लागेल, बळीराम खोटा ठरेल, मग गाव परत फावडी घेऊन उतरेल, यावर त्याचा विश्वास होता. जिजाला तो विश्वास बघवत नसे, पण तिने त्या विश्वासाला हात लावला नाही.

दोन हजार चार साली शेवटची सुनावणी लागली आणि पहिल्यांदाच ती त्याच्याबरोबर गेली. उंच छत, जुने पंखे, काळे कोट, आणि सगळं इंग्रजीत. तिला अक्षर कळलं नाही. तिने फक्त चेहरे पाहिले. जज्ज चिडके वाटले नाहीत. त्यांनी हिलरी वकिलांना दोन-तीन गोष्टी विचारल्या, वकिलांनी सांगितल्या. मग जज्जांनी आणखी एक प्रश्न विचारला. वकील वळून शत्रुघ्नाकडे बघत राहिले. थोड्या वेळाने पुढच्या खटल्याचा पुकारा झाला.

"काय जाला?" बाहेरच्या व्हरांड्यात जिजाने विचारलं.

"निकाल आपल्या विरुद्ध नाही," हिलरी वकील म्हणाले. "पण आपल्या बाजूनेही नाही. कोर्ट म्हणालं, यात ठरवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. शेअर रद्द करा म्हणत होतो, ते त्या लोकांनी आपणहून परत केले. बळीरामला काढा म्हणत होतो, तर ज्या कंपनीतून काढायचं ती कंपनीच नाही. म्हणून अपील निकाली काढलं."

"पन दसऱ्याला त्यानं केला ता बरोबर का चूक?" शत्रुघ्नाने विचारलं.

"ते सांगायची आता गरज नाही, म्हणाले. नुसतं कोण चुकलं एवढं सांगायला कोर्ट बसत नाही."

"आमाला हाय ना गरज."

हिलरी वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांनी तिथेच थांबायला हवं होतं. पण तो माणूस प्रामाणिक होता, आणि प्रामाणिक माणसांना कुठे थांबायचं ते कळत नाही. "मी म्हटलं, कंपनी परत उभी करायची मुभा द्या," ते म्हणाले. "त्यांनी विचारलं, उभी करून काय करणार, मिठागर आहे का? मी म्हटलं, बांध फुटला. दुरुस्त का नाही केला? मी म्हटलं, दावा चालू होता म्हणून लोकांनी हात लावला नाही. तेव्हा ते म्हणाले..."

"काय म्हनले?"

"म्हणाले, मनाई विकायला होती. माती घालायला कुणी मनाई केली होती?"

व्हरांड्यातून माणसं जात-येत होती, कुणीतरी शत्रुघ्नाला जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि तो बाजूला झाला. "नवती मनाई?" त्याने विचारलं.

"नव्हती हो. देखभाल तर करायचीच असते. मला इतकी वर्षं वाटत होतं की बळीरामच्या माणसांनी तुम्हाला अडवलं असणार. तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुमी कवा विचारला नाय," जिजा म्हणाली. एरवी या वाक्यावर तिने त्या माणसाला उभा सोलला असता. त्या दिवशी तिच्या आवाजात जोरच नव्हता.

गावात बातमी आधीच पोचली होती की आज निकाल आहे. दिवेलागणीला देवळाच्या ओट्यावर माणसं जमली होती. पूर्वी सभेला जमायची तितकी नाहीत, पण ज्यांचे वाफे होते त्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी होतं. यमुनाकाकीला दोघांनी धरून आणलं होतं. टेंभीखारमध्ये निवाडा म्हणजे एकच गोष्ट, आणि तिने तेवढीच विचारली. "कोन चुकला म्हनलं कोर्ट?"

शत्रुघ्नाला सांगता आलं असतं की कोर्टाने काहीच ठरवलं नाही, आणि ते खोटंही नव्हतं. जिजा मनातल्या मनात त्याला म्हणत होती, तेवढंच सांगा आणि चला. पण ज्या माणसाने आयुष्यभर खोटं पडायची भीती बाळगली, त्याला अर्धं खरं बोलायची सवय कुठून असणार?

"बलीरामाचा कोर्टानं काय नाय सांगितला," तो म्हणाला. "त्याचा आता कोन सांगनार पन नाय. पन एक सांगितला. माती घालायला कोनाची बंदी नवती. विकायचीच होती. बांधाला हात लावू नका, ता तुमाला मी सांगितला. आगर मी बुडवला."

यमुनाकाकी त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत होती. "मंग यवडी वर्सं आमी शिव्या कोनाला दिल्या रं, शत्रुघ्ना?" तिने विचारलं. त्यात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

एकेक माणूस उठून चपला शोधू लागला. जाताना कुणी त्याला वावगं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं जिजाला वाटलं. कुणी त्याची गचांडी धरली असती तर तिला मधे पडता आलं असतं.

घरी येऊन तिने भात टाकला. त्या भाद्रपदापासून एक बोलणं तिने दातांखाली दाबून ठेवलं होतं. आचोळ्याच्या बाजारात भाजीवर पाणी शिंपडताना, आजारपणात त्याचे पाय चेपताना, प्रत्येक तारखेला त्याचा शर्ट धुताना ते तिच्या ओठांवर आलं होतं आणि तिने ते गिळलं होतं. शत्रुघ्न भिंतीला टेकून बसला. "बोल आता," तो म्हणाला. "तुना बोलायचा हक्क हाय."

आणि जिजा बोलली. काही म्हणजे काही ठेवलं नाही. "दोन टोपल्या माती! दोन टोपल्या आन पेंढा, येवडाच लागत होता! मी फावडा उचलला होता, तुमी बसवला मना! देवीच्या पायरीवर लोखंड ठेवून आख्ख्या गावाला हात बांधून बसवलात, आन तो हरामखोर हसत गेला!" शेजारच्या घरांत भांडी वाजायची थांबली. ती त्याच्या भोळेपणाला बोलली, त्याच्या देवाला बोलली, त्याच्या पांढऱ्या शर्टाला बोलली, यमुनाकाकीच्या नावाने रडली आणि दम लागला तेव्हा थांबली. आता तो नेहमीसारखं एक वाक्य बोलेल, ज्यावर तिला काही सुचणार नाही, याची ती वाट बघत राहिली.

"हां," शत्रुघ्न म्हणाला. "तुजा बरोबर होता."

लग्नाला तीसेक वर्षं होत आली होती. हे शब्द तिने त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. ती त्याच्यासमोर बसली आणि त्याचा दंड धरून त्याला हलवू लागली. "असा नका बोलू," ती म्हणाली. "भांडा माज्याशी. माजा चुकला म्हना, कायतरी म्हना."

त्याने तिचा हात सोडवला नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. ताटातल्या भाताकडे बघत तो पुन्हा तेच म्हणाला. "तुजाच बरोबर होता."